या घरात कोण ठरवतं

सईदा वर्गात शिरली तेव्हा पुढच्या बाकांवरच्या मुली उठून उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं, बाई आल्या. सईदाने मान खाली घातली, अबाया सावरला आणि भिंतीच्या कडेने जाऊन मागच्या बाकावर बसली. मग मुलींच्या लक्षात आलं आणि एकीच्या हसण्याने दुसरीला हसू फुटलं. वाईट कुणाच्या मनात नव्हतं. अठरा वर्षांच्या मुलींना तिशी ओलांडलेली बाई मास्तरीण वाटणार, नाहीतर कुणाची तरी आई.

एकोणीसशे सहासष्टच्या नोव्हेंबरात कुवेतमध्ये पहिल्यांदा विद्यापीठ उघडलं. सईदाने मुलींच्या सरकारी शाळेतून शेवटची परीक्षा दिली होती त्याला तेव्हा दहाबारा वर्षं उलटून गेली होती. त्या परीक्षेच्या वर्षीच तिची आई वारली. धाकटा यूसुफ शाळेत होता आणि वडील मजीदभाई यांचं बंदरावर दोरखंड, शिडाचं कापड आणि गलबतांचं सामान विकायचं दुकान होतं. घराला बाईमाणूस हवं होतं, ते सईदा झाली. यूसुफ शिकला, वीजपाण्याच्या खात्यात स्टोअरला लागला, कोकणातल्या गावी जाऊन ताहिराशी निकाह करून तिला घेऊन आला. तेव्हा सईदाला वाटलं, आता जरा हात मोकळे होतील. पण ताहिराला दिवस गेले, तिच्या पोटात पाणी ठरेना आणि सईदा पुन्हा चुलीपाशी आली.

त्यातही तिने कॉलेजात नाव घातलं. वडिलांना विचारलं तेव्हा ते हिशेब तपासत होते. "जा," एवढंच ते म्हणाले. पुढे काही म्हणाले नाहीत, म्हणून सईदानेही विचारलं नाही.

समाजशास्त्राची ओळख हा विषय शिकवायला डॉक्टर आमिना नावाच्या इजिप्तहून आलेल्या बाई होत्या. आवाज खणखणीत, केस आखूड कापलेले, हाताला कायम खडू लागलेला. पहिल्याच तासाला त्या म्हणाल्या, "माणूस कसा जेवतो, कुणाच्या आधी जेवतो, कुणाशी लग्न करतो, कुणासमोर गप्प बसतो, हे सगळं वाऱ्यापावसासारखं आपोआप झालंय असं आपल्याला वाटतं. ते माणसांनी ठरवलेलं असतं. या वर्षात आपण एवढंच शिकायचं, की कुणी ठरवलं ते विचारायचं."

मुली भराभर लिहून घेत होत्या. सईदाही लिहीत होती, पण तिच्या डोक्यात घरी भिजत घातलेले तांदूळ होते. पहाटे उठून भाकऱ्या, अब्बांचं गरम पाणी, यूसुफचा डबा, ताहिरासाठी पेज, मग बस. दुपारी परत आलं की सकाळची भांडी तशीच. शिकायला जातेय म्हणून घरातलं एकही काम कमी झालं नव्हतं, ते फक्त पहाटेकडे आणि रात्रीकडे सरकलं होतं. तासाला डोळे मिटायला लागले की ती अंगठ्याचं नख बोटात रुतवायची.

तिच्या शेजारी मुनिरा बसायची. मोठ्या घरची कुवेती मुलगी, मोटारीने यायची, बोलायला मोकळी. तिसऱ्या आठवड्यात डॉक्टर आमिनांनी काम दिलं: दोघीदोघींनी मिळून एका घरी जायचं, घरातल्या सर्वांत वडील माणसाला प्रश्न विचारायचे आणि या घरात कोण काय ठरवतं ते लिहून आणायचं. घर ओळखीचं नको, परकं हवं.

"तुझ्या घरी येऊ?" मुनिराने विचारलं. "हिंदी घर मी आतून कधी पाहिलंच नाही."

"मला ते परकं कसं होईल?"

"मला होईल ना. मी विचारीन, तू अर्थ सांग."

नाही म्हणायचं तर कारण शोधावं लागलं असतं. सईदा म्हणाली, "ये."

घरी तिने सांगितलं तेव्हा मजीदभाई खूश झाले. "आजवर आपल्या दारात अरब आला तो भाडा मागायला," ते म्हणाले. "पोरगी येतेय तर येऊ दे. सांदणं कर."

त्यांचं घर शहरातल्या मिरकाब मोहल्ल्यात होतं. जुनं, मातीच्या भिंतींचं, मधे अंगण आणि भोवती खोल्या. आसपासची घरं सरकारने विकत घेऊन पाडली होती, तिथे आता रुंद रस्ते आणि दुकानांच्या इमारती उठत होत्या. वारा सुटला की पाडलेल्या भिंतींची धूळ अंगणात यायची. मुनिरा येणार त्या दिवशी सईदाने अंगण दोनदा झाडलं. मुंबईच्या बोटीने आलेल्या नारळांतला एक फोडून सांदणं वाफवली. ताहिरा उंबऱ्याला टेकून बसल्या बसल्या म्हणाली, "बुबू, तुमी बसा जरा." पण ती स्वतः उठली नाही, तिला उठवतही नव्हतं. थोरल्या नणंदेला ती नवऱ्यासारखीच बुबू म्हणायची.

मुनिरा आली, चपला काढून सतरंजीवर बसली, तिने सांदणं खाऊन बघितली आणि वाखाणली. मजीदभाई समोर लोडाला टेकून बसले होते. धुतलेला सदरा, डोक्यावर टोपी, छातीतली घरघर दबून राहावी म्हणून मधूनमधून गरम पाण्याचा घोट. बंदरावरचं अरबी त्यांना येत होतं. भाव करावा, कुणाची चौकशी करावी, भांडावं, एवढं सगळं. पण घरातलं बोलायचं म्हटल्यावर त्यांनी आपली कोकणी बोली धरली आणि सईदा मधे बसली.

"घरात कमावतं कोण?" मुनिराने विचारलं.

"पयला मी. आता दुकानात गिऱ्हाईक नाय. लाकडी गलबता गेली, आता सगला लोखंडाचा. यूसुफ कमावतो."

सईदाने सांगितलं, मुनिराने लिहिलं.

"पैसे कसे खर्च करायचे ते कोण ठरवतं?"

"मी."

"आणि बाजार कोण करतं?"

"ही."

मुनिराने सईदाकडे पाहिलं. सईदा म्हणाली, "मुलगी करते."

"मुलीचं काम काय?"

मजीदभाईंना तो प्रश्न नीट कळला नसावा. त्यांनी जरा विचार केला. "तिला काय काम? ती घरातच असते. आता शिकायला जाते."

सईदाने शब्द बदलला नाही. "ते म्हणतात, मुलीला काम नाही. ती घरात असते. आता शिकायला जाते." आतल्या खोलीच्या दारातून ताहिराने एकदा बाहेर डोकावलं आणि पुन्हा आत गेली. तिला अरबी येत नव्हतं, पण सासऱ्यांचं बोलणं तिने ऐकलं होतं.

मुनिराचं पेन थोडं थांबलं. मग तिने डॉक्टर आमिनांनी फळ्यावर लिहून दिलेला पुढचा प्रश्न विचारला. "या घरात अलीकडे झालेला मोठा निर्णय कोणता?"

सईदाने विचारलं. तिला वाटलं, ते म्हणतील दुकान आवरायचं ठरवलं. किंवा यूसुफचं लग्न.

मजीदभाईंनी पाण्याचा घोट घेतला. त्यांनी सईदाकडे पाहिलं नाही, ते मुनिराकडे बघून बोलले. "हा घर सोडायचा. मालकानं सरकारला दिला, पाडणार हायत. यूसुफला खात्याचा क्वार्टर मिलतो, तो नि सून तिकडं जातील. मी दुकान उचलतो. ईद झाली का मी गावाला जाणार. छातीला इथली धूल सोसत नाय." आणि थोडं थांबून, "ही माज्याबरोबर येल. म्हाताऱ्याला बघायला कोण तरी पायजे."

बाहेर कुठे तरी लोखंडी सळ्या उतरवल्याचा आवाज येत होता. मुनिरा वाट बघत होती. तिला अर्थातच काही कळलेलं नव्हतं, तिच्या दृष्टीने एवढं लांबलचक उत्तर आलं म्हणजे चांगलंच उत्तर आलं होतं.

काहीही सांगता आलं असतं. घर सोडणार आहोत, एवढ्यावर भागलं असतं. पण सईदाला बनवून सांगायचाही कंटाळा आला. तिने अब्बा बोलले त्याच क्रमाने सगळं सांगितलं. "आणि मुलगी वडिलांबरोबर हिंदुस्तानात परत जाणार. म्हाताऱ्या माणसाला बघायला कुणीतरी हवं."

मुनिरा लिहिता लिहिता थांबली. मान वर न करता तिने पुढचा प्रश्न वाचला, कारण तो पुढे होता. "हे ठरवताना घरात सगळ्यांना विचारलं होतं का?"

सईदाने वडिलांना तो प्रश्न त्यांच्या भाषेत विचारला. "ती विचारते, सगल्यांना विचारला होता का?"

मजीदभाईंनी लोड सरकवला. "आता कललां ना सगल्यांना," ते म्हणाले.

मुनिराला दारापर्यंत पोचवायला सईदा गेली. मोटारीचा ड्रायव्हर समोर उभा होता. मुनिराने चपला घालायला वेळ लावला.

"तुला माहीत नव्हतं," ती हळूच म्हणाली.

"आता आहे."

"मी हे लिहू नको का?"

"लिही. तुझं काम आहे. पुन्हा कुठे दुसरं घर शोधशील?"

यूसुफ संध्याकाळी आला. त्याला ठाऊक होतं. महिनाभर ठाऊक होतं. तो अंगणात हातपाय धुताना सईदा टॉवेल घेऊन उभी राहिली आणि तिने सरळ विचारलं.

"अब्बा म्हणाले, मी सांगतो," यूसुफ म्हणाला. "मग ते सांगतच नव्हते. आणि मी तरी कुठल्या तोंडाने सांगू, बुबू? तुजा कॉलेज आत्ताच सुरू झाला."

"मला इथं राहायचं असेल तर?"

"तुजा इथं राहायचा इकामा अब्बांच्या नावावर. ते गेले का तो संपला."

"तुझ्या नावावर घे. सरकारी नोकर आपल्या बहिणीचा इकामा करू शकतो ना?"

यूसुफ टॉवेलात तोंड पुशीत राहिला, लागत होतं त्याहून जास्त वेळ. "करता येईल बहुतेक. पण क्वार्टरात दोन खोल्या. आणि अब्बांचा काय? गावाला त्यांना एकटा सोडायचा?"

गावी मजीदभाईंची विधवा बहीण होती, रबिया. स्वतःचं घर, दोन आंब्याची झाडं, तोंडाने फटकळ पण हाताने चांगली. सईदाने तिचं नाव काढलं. यूसुफ म्हणाला, बघू. बघू म्हणजे काय ते दोघांनाही माहीत होतं. तो चांगला भाऊ होता, पण अब्बांच्या पुढे उभं राहायची वेळ आली की त्याला नेहमी कुठेतरी जायचं असे.

रमजान लागला. आता पहाटेच्याही आधी उठून सहरीचं करायचं, दिवसा कॉलेज, संध्याकाळी इफ्तार. सईदा वडिलांशी त्या विषयावर बोलली नाही आणि तेही बोलले नाहीत. भांडायला अंगात जोर लागतो. तिच्या अंगात तो फक्त कामापुरता उरला होता. वर्गात तिला एकेक गोष्ट कळत होती आणि कळून काहीच होत नव्हतं. कुटुंबावरचे तास चालू होते. डॉक्टर आमिना सांगत, घरातल्या कामाला समाज काम का म्हणत नाही. सईदा ते नीट उतरवून घ्यायची आणि बसमध्ये खिडकीला डोकं टेकून बसायची.

मुनिराने आपलं लिखाण वाचून दाखवलं तेव्हा त्यात नावं नव्हती. एक हिंदी कुटुंब, एक वृद्ध व्यापारी, एक मुलगी. पण दुभाषी कोण होती ते वर्गाला ठाऊक होतं. वाचन संपल्यावर कुणी हसलं नाही, कुणी मागे वळून पाहिलंही नाही. ते सईदाला बरं वाटलं. तास संपल्यावर डॉक्टर आमिनांनी तिला थांबवून घेतलं.

"तू जाणार आहेस?"

"अजून ठरायचंय."

"कुणी ठरवायचंय?" असं त्या सवयीने बोलून गेल्या आणि त्यांनाच ते नकोसं वाटलं असावं. खडू लागलेला हात त्यांनी सईदाच्या खांद्यावर ठेवला. "मी तुला काय सांगू? माझी आई कैरोत एकटी आहे. दर शुक्रवारी मला वाटतं, परत जावं. पुस्तकात याचं उत्तर नाही."

सईदाला त्यांच्याकडून काही तरी भक्कम ऐकायला हवं होतं. पण खरं ऐकायला मिळालं, तेही काही कमी नव्हतं.

शेवटी ते सुटलं ते भलत्याच बाजूने. सत्ताविसाव्या रोज्याची रात्र होऊन गेली होती. इफ्तार झाल्यावर मजीदभाई यूसुफला तिकिटांचं विचारत होते. दोन तिकिटं, डेकची, ईदनंतरच्या बोटीची. सईदा ताटं उचलत होती. तेवढ्यात ताहिरा, जी सासऱ्यांसमोर कधी मान वर करून बोलली नव्हती, पदर डोक्यावरून पुढे ओढून भिंतीकडे बघत म्हणाली, "बुबू गेल्या तर माजा बालंतपण कोण करील? मी इथं कोनाला वलखत नाय. हास्पिटलात मला बोलाय पन येत नाय."

यूसुफला आता तरी तोंड उघडणं भाग होतं. तो म्हणाला, "हो अब्बा. ते एक हायच."

मजीदभाईंनी सुनेकडे पाहिलं, मग तिच्या पोटाकडे, मग चटकन दुसरीकडे. नातवंडाचा विषय आल्यावर त्यांची मान जरा सैल झाली. "बालंतपन कधी?"

"एप्रिलात," ताहिरा भिंतीला म्हणाली.

"मग बरोबर हाय. घरात बाईमानूस पायजेच." ते थोडा वेळ खोकत बसले. "मी रबियाकडं राहीन. पोर वर्साचा झाला का बघू."

झालं. सईदाने ताटं मोरीत नेऊन ठेवली. तिथेच ती थोडी बसली. जिंकल्यासारखं काही वाटत नव्हतं. कॉलेजचं नाव कुणी काढलंच नव्हतं. तिला शिकायचंय म्हणून ती राहणार नव्हती, तिची गरज होती म्हणून राहणार होती. आजवर प्रत्येक वेळी असंच झालं होतं. फरक एवढाच, की या वेळी गरजेच्या आडोशाला तिला स्वतःलाही उभं राहायला जागा मिळाली होती. तिने ती घेतली. ताहिराने मुद्दाम केलं की स्वतःच्या भीतीपोटी, हे तिने कधी विचारलं नाही. रात्री झोपायला जाताना ताहिरा तिला म्हणाली, "बुबू, सकाली भांडी मी घासीन. वाकता येतंय मला अजून." दोनतीन दिवस तिने ती घासलीही.

इकाम्याची धावपळ यूसुफने केली. खात्याचं पत्र, फोटो, शिक्के, पुन्हा या, उद्या या. ईद झाली. मिरकाबचं घर रिकामं झालं, दुकानातलं उरलेलं शिडाचं कापड एका इराणी माणसाने उचललं.

बोट शुवैखच्या धक्क्यावरून सुटायची होती. थंडी होती, समुद्रावरून बोचरा वारा येत होता. यूसुफ सामान चढवायला हमालाबरोबर पुढे गेला. सईदा आणि मजीदभाई ट्रंकेवर बसले. त्यांनी मफलर नाकापर्यंत घेतला होता.

"त्या पोरीनं माज्याबद्दल काय लिवला?" त्यांनी एकदम विचारलं.

"तुमी बोललात तेच."

"तू सगला बरोबर सांगितलंस तिला. मी ऐकत होतो. मला वाटला, तू काय तरी गालशील."

"नाय गाळला."

ते समुद्राकडे बघत राहिले. एवढं अरबी त्यांना येतं हे सईदा विसरली नव्हती. पण ते शब्द न् शब्द ऐकत बसले असतील हे तिच्या मनात आलं नव्हतं.

"तुला तोंडावर सांगायला मला जमला नसता," मजीदभाई म्हणाले. "परकी पोर समोर होती, म्हनून बोललो. राग आला तुला?"

सईदाने विचार केला. खोटं बोलायचं नव्हतं आणि बोट सुटायच्या वेळी भांडायचंही नव्हतं. "राग आला, अब्बा. पण दमले होते. रागवायला पण सवड पायजे."

खिशातून त्यांनी रुमालात बांधलेल्या दुकानाच्या किल्ल्या काढल्या, त्या आता कुठल्याच कुलुपाच्या नव्हत्या. थोडा वेळ हातात धरून पुन्हा खिशात ठेवल्या. "छातीला तेल चोलायला रबियाला सांगून ठेव. पत्र घाल. ती ऐकते तुजा."

"घातलंय."

यूसुफ हाका मारायला लागला. मजीदभाई उठले, सईदाच्या डोक्यावर हात ठेवून काहीतरी पुटपुटले आणि शिडीकडे गेले. शिडीच्या अर्ध्यावर दम लागून ते थांबले. मागून येणारे लोक थांबले. मग ते पुन्हा चढू लागले आणि गर्दीत दिसेनासे झाले.

परतताना यूसुफने विचारलं, घरी सोडू का. सईदाने बसस्टॉपवर उतरव म्हणून सांगितलं. ती वर्गात पोचली तेव्हा तास अर्धा झाला होता. डॉक्टर आमिना शहरांबद्दल काही सांगत होत्या, लोक गावातून शहरात का येतात, आल्यावर त्यांचं काय होतं. सईदा मागच्या बाकावर बसली. अंगाला अजून धक्क्यावरचा वारा होता, बोटं गारठलेली होती. मुनिराने न विचारता आपली वही तिच्याकडे सरकवली. सईदाने पेन काढलं आणि जिथून तास सुरू झाला होता तिथून, पहिल्या ओळीपासून, उतरवून घ्यायला लागली.